प्रकाशाचें माप

छायाचित्र घेतांना फिल्मवर किती वेळ प्रकाश पडूं द्यावा, हा प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु सारें यश त्यावरच अवलंबून असतें. प्रकाश कमी पडला तर सावलींतील आकृति काळोखांत बुडतात. अधिक झाला तर उजळ भाग पांढरेफटक होतात. विद्युत् प्रकाशमापक १९३२ च्या सुमारास प्रचारांत येऊं लागला. तत्पूर्वीं छायाचित्रकाराचा भरंवसा ऋतु व प्रहर यांच्या कोष्टकांवर, आणि त्याहून अधिक स्वतःच्या डोळ्यांवर असे.

दादासाहेब फाळके यांचे नेमके हे डोळेच एकदां दगा देऊं पाहत होते. चित्रपटांच्या अहोरात्र अभ्यासानें त्यांची दृष्टि अधू झाली; उपचारांनीं व चष्म्यानें ती परत आली. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते १९१२ सालीं लंडनला गेले आणि विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन आले. तेव्हां वायां गेलेली प्रत्येक फूट फिल्म म्हणजे संसारालाच लागलेली झळ होती.

त्या काळचे कॅमेरे हातानें फिरवावयाचे असत. सेकंदास दोन फेरे, फेऱ्यास आठ चित्रें; म्हणजे सेकंदास सोळा. निम्मा वेळ झडप मिटलेली असल्यामुळें प्रत्येक चित्रास सेकंदाचा सुमारें बत्तिसावा भाग मिळे. हात मंदावला कीं प्रकाश वाढे. म्हणून हाताची लय कायम राखून भिंगाचें छिद्रच लहानमोठें करावें लागे, आणि तें किती, हें ऊन पाहून ठरे.

फाळके यांचें चित्रण सूर्यप्रकाशांत होई. पत्नी सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून पात्रांच्या चेहऱ्यांवर ऊन परतवीत, आणि दिवसां घेतलेली फिल्म रात्रीं घरींच धुतली जाई. अंदाज चुकला तर तो असा लगोलग कळे. या परिश्रमांतून सिद्ध झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लोकांपुढें आला.

पुढें याच अनुभवाचा एक सुटसुटीत नियम झाला. अणदूरच्या खंडोबाच्या देवळासमोर भर दुपारीं सावली ठसठशीत पडली असेल, तर छिद्राचा आंकडा १६ ठेवावा, आणि फिल्मची गति १०० असल्यास सेकंदाचा शंभरावा भाग द्यावा. तोच भक्त मोकळ्या सावलींत उभा राहिला, तर छिद्र तीन पायऱ्या उघडून ५.६ वर आणावें. प्रकाश आठपट मिळतो. यंत्र जवळ नसलें, तरी पायांशीं पडलेली सावली प्रकाशाचें माप सांगतच असते.