जब्दीच्या घरचं काय?

इथे शहागंजात परवा 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला घेतलं आणि मन गालीलच्या किनाऱ्यावर गेलं. येशूनं हाक मारली, शिमोन-अंद्रियानं जाळी टाकली, याकोब-योहान होडीतून उतरले. मार्क सांगतो, त्यांचा बाप जब्दी गड्यांबरोबर होडीतच राहिला. पुढे त्याचं काय झालं? आणि शिमोनाला सासू होती, म्हणजे बायकोही असणारच की!

आपल्या ना. वा. टिळकांना हाक आली आगगाडीत. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना एका गोऱ्या मिशनऱ्यानं त्यांना बायबल दिलं. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई मागे राहिल्या, पदरात लहानगा दत्तू. टिळक थोरच, पण वर्गात शिकवतानाही माझा ओढा बाईंकडेच असायचा. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या, तरी आपलं सोवळं घेऊनच; स्वयंपाकसुद्धा वेगळा. परजातीच्या हातचं पाणी न पिण्याचा नेम त्यांनी स्वतःच विचार करकरून सोडला. कुणाच्या हाकेनं नव्हे. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे सारं त्यांनीच लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळतं. जब्दीच्या घरातून तसं कुणी लिहिलं नाही.