तेवीस इंच की पंचवीस?

पानागढला पोस्टिंग निघाली तेव्हा घरच्यांनी आधी नकाशा काढला. वर्धमान ओलांडून दुर्गापूरकडे निघालं की ग्रँड ट्रंक रोडवर हे गाव लागतं. फौजेत त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, कारण छावणी मोठी. पण माझ्यासारख्या ईएमईच्या माणसाला पानागढ लक्षात राहतं ते छावणीबाहेरच्या बाजारासाठी. रस्त्याच्या कडेला ट्रकचे सांगाडे, एक्सलचे ढीग, गिअरबॉक्सच्या उतरंडी. तेलाचा वास पावसातसुद्धा जात नाही.

युनिटच्या गेटवर एक जुनी डॉज उभी होती. वेपन कॅरियर, पाऊण टनी, चारही चाकांना ताकद असलेली. दरवर्षी रेझिंग डेच्या आधी तिला हिरवा रंग मारायचा, टायरला काळं पॉलिश करायचं आणि पुढं वर्षभर विसरून जायचं. नव्या सीओ साहेबांनी तिच्या बॉनेटवर हात ठेवून मला विचारलं, "सुभेदार साहब, यह चलेगी?" मी "चलेगी सर" म्हणून गेलो. फौजेत या दोन शब्दांनी माणसाची किती रात्रींची झोप जाते, हे निवृत्त वाचकांना सांगायला नको. हातात चार महिने होते.

ही गाडी इथं आली कशी, ते आधी सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्यातूनच निघते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा रस्ता जपान्यांनी तोडल्यावर चीनला माल पोचवण्याचं काम अमेरिकेनं आसाममधून हाती घेतलं. पानागढला त्यांच्या वायुदलाचा तळ होता. लेडोपासून डोंगर फोडत रस्ता काढला आणि १२ जानेवारी १९४५ ला पहिला ताफा लेडोहून निघाला, तो ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोचला. या कामासाठी कलकत्त्याच्या गोदीत जहाजं भरभरून गाड्या उतरल्या. डॉजनं युद्धकाळात पाऊण टनी गाड्या दोन लाखांहून जास्त बनवल्या, त्यातल्या काही इकडं आल्या.

युद्ध संपलं आणि एवढं सामान परत नेणं अमेरिकेला परवडेना. १९४६ मध्ये दोन्ही सरकारांत हिशोब मिटला, सामान इथंच राहिलं. काही फौजेकडं आलं, बाकीचं लिलावात गेलं. आपल्याकडं 'डिस्पोजल' हा शब्द तेव्हापासून रुळला. आमच्या लहानपणी डिस्पोजलचा कोट, डिस्पोजलची बॅटरी म्हणजे टिकाऊ वस्तू. पानागढच्या बाजारातले जुने लोक आपल्या धंद्याची सुरुवात याच लिलावांपासून सांगतात.

तर कामाला लागलो. पहिला आधार मिळाला तो ऑनलाइनच, आणि फुकट. अमेरिकन फौजेचं या गाडीचं मॅन्युअल, टीएम ९-८०८, स्कॅन केलेलं मिळालं. सुट्या भागांची यादी मिळाली, जिच्यावर या गाडीचा गट क्रमांक जी-५०२ असतो. प्रत्येक वॉशरला नंबर. आमच्या क्लार्कनं सगळं छापून, बाइंडिंग करून दिलं. ज्या गाडीबद्दल युनिटमध्ये कुणालाच अक्षर माहीत नव्हतं, तिचा सगळा कुंडलीसंग्रह टेबलावर आला. नंबर हाती आला की खरेदी सोपी, असं मला वाटलं. डॅशबोर्डवरच्या धातूच्या पाटीवर साल होतं १९४३. मॅन्युअलप्रमाणे इंजिन टी-२१४, सहा सिलिंडर, २३० घनइंच. यादीतून नंबर उतरवले आणि अमेरिकेतल्या एका विक्रेत्याकडं हेड गॅस्केट, व्हील सिलिंडरचे रबरी कप आणि पाण्याच्या पंपाचा संच मागवला. वर्गणी सगळ्यांनी काढली होती. वस्तूच्या किमतीइतकेच पैसे कुरियर आणि कस्टममध्ये गेले. पार्सल कस्टममध्ये अडकलं तेव्हा मी रोज त्याचा नंबर टाकून बघायचो, जसं कुणी निकाल बघतं.

पार्सल आलं. मेणकागदात गुंडाळलेले भाग, खोक्यावर फौजी शिक्के. पाण्याचा पंप असा बसला की जणू कालच उतरवला होता. मान्य करतो, त्या दिवशी मी बाजारातल्या लोकांना जरा हसलोच.

मग गॅस्केट. हेड उतरवून ब्लॉकवर गॅस्केट ठेवलं, तर एका टोकाचे बोल्ट जुळतात आणि दुसरीकडं सरकत जातात. उलटं करून पाहिलं, तेच. पट्टी लावली. गॅस्केट सुमारे तेवीस इंच, ब्लॉक पंचवीस.

विक्रेत्यानं चुकीचा माल पाठवला म्हणून रागानं पत्र लिहायला बसलो होतो. पण नंबर बरोबर होता, खोकं बरोबर होतं. चूक माझी होती. मी गाडीची पाटी वाचली, इंजिनाची वाचलीच नाही. या इंजिनाचा नंबर डाव्या बाजूला पुढं, हेडच्या खाली एका सपाट जागेवर ठोकलेला असतो. आमच्या गाडीत ती जागा रंगाच्या थरांखाली बुजली होती. चाळीस रेझिंग डेचा रंग खरवडला, तर खाली टी-२१४ नव्हतंच. इंजिन दुसरं होतं.

क्रायस्लर कंपनीच्या या जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनांत दोन लांब्या आहेत. डेट्रॉइटमध्ये प्लिमथ आणि डॉजसाठी तेवीस इंची ब्लॉक बनायचा, डिसोटो आणि क्रायस्लर या महागड्या गाड्यांसाठी पंचवीस इंची. पण कॅनडातल्या विंडसरच्या कारखान्यात सगळ्यांसाठी लांबच ब्लॉक वापरत. त्यामुळं '२१८ घनइंचाचं डॉज इंजिन' एवढं म्हणून भागत नाही. अमेरिकन २१८ चा बोअर सव्वातीन इंच, कॅनेडियन २१८ चा तीन पूर्णांक तीन अष्टमांश. नाव एक, घनइंच एक, गॅस्केट वेगळं. बाहेरून दोन्ही भावंडांसारखी दिसतात.

मग एक गोष्ट आठवली. रेडिएटर काढताना आम्हाला दिसलं होतं की तो मूळ जागेपेक्षा थोडा पुढं सरकवलाय, खाली पट्ट्या वेल्ड केल्यात. आम्ही म्हटलं होतं, कुणी अडाण्यानं केलंय. अडाणी आम्हीच. दोन इंच लांब इंजिन बसवायला कुणीतरी विचार करून जागा केली होती.

आता प्रश्न गॅस्केटचा राहिला नाही. एका अधिकाऱ्यांचं म्हणणं पडलं की गाडी १९४३ ची, तर इंजिनही १९४३ चंच हवं, ऑनलाइन शोधा, वेळ लागू दे. दुसरे म्हणाले, रंग मारून ठेवा गेटवर, कोण बॉनेट उघडतंय. माझं मन पहिल्याकडं झुकत होतं. मॅन्युअल वाचल्याची नशा असते.

त्याच सुमारास रेझिंग डेचं बोलावणं धाडायला जुन्या लोकांना फोन चालले होते. सांगली जिल्ह्यातले एक निवृत्त नायब सुभेदार, वय ऐंशीच्या पुढं. मी त्यांना आबा म्हणतो. सहज विचारलं, "आबा, गेटवरची डॉज आठवते का?"

पलीकडं थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "तिचं इंजिन आम्ही बदललंय रे. पासष्टच्या आगंमागं. सिलिगुडीच्या वर होतो. जुनं इंजिन फुटलं, स्पेअर कुठं येत नव्हतं. एका फार्गो ट्रकचं काढून बसवलं. रेडिएटर आडवा यायचा. उस्तादांनी रात्रभर पट्ट्या जोडल्या, मी बत्ती धरली होती."

फार्गो म्हणजे डॉजचाच ट्रक, नुसता बिल्ला वेगळा. आणि आपल्याकडं हे ट्रक जुळत कुठं होते? मुंबईत, कुर्ल्याला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, क्रायस्लरशी करार केला आणि स्वातंत्र्याच्या वर्षापासून इथं डॉज, डिसोटो, प्लिमथ, फार्गो निघू लागल्या. म्हणजे अमेरिकेत जन्मलेल्या गाडीच्या पोटात बहुधा कुर्ल्याहून आलेलं काळीज होतं. सीओ साहेबांना हे सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "वो बत्ती पकड़ने वाले आएंगे?" येणार होते. इंजिन तेच ठेवायचं ठरलं.

आता पंचवीस इंची गॅस्केट. ऑनलाइन पुन्हा मागवायला वेळही नव्हता आणि वर्गणीही. ब्लॉकवर खाकी कागद ठेवला, तेलाच्या बोटानं कडा घासून सगळी भोकं उमटवली आणि ते भेंडोळं घेऊन बाजारात गेलो. पहिल्या तीन दुकानांत "मिल जाएगा" म्हणाले आणि टाटाचं गॅस्केट पुढं केलं. चौथ्या दुकानातल्या म्हाताऱ्या सरदारजींनी कागद उलगडला, वीतभर हातानं मोजला आणि विचारलं, "डाज छोटी कि वड्डी?" मी एवढं मॅन्युअल वाचून जे शिकलो नव्हतो, ते या माणसाच्या विचारण्यातच होतं. त्यांच्याकडं माल नव्हता. त्यांनी कलकत्त्याच्या मलिक बाजारातला एक पत्ता दिला. तिथं पोटमाळ्यावरून तांब्याच्या पत्र्याचं, धुळीनं माखलेलं गॅस्केट निघालं. कागदावर ठेवलं, एकेक भोक जुळलं. किंमत ऑनलाइनच्या चौथा हिस्सा. घासाघीस करायचं विसरलो.

म्हणून स्थानिक बाजार खरा, असं मात्र समजू नका. त्याच पानागढमध्ये मला डाव्या चाकांचे नट मिळेनात. या गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, चाक फिरताना नट सैल पडू नये म्हणून. पूर्वी कुणीतरी साधे नट ठोकून बसवायचा प्रयत्न केलेला, दोन स्टड त्यात गेलेले. बाजारातले पोरगे तर उलटे आटे म्हटल्यावर माझ्याकडंच संशयानं बघायला लागले. एकानं अर्ध्या इंचाचा ब्रिटिश आट्यांचा नट अमेरिकन बोल्टवर चढवून दाखवला, "देखिए, चढ़ गया." चढला खरा, दोन फेरे. ब्रिटिश व्हिटवर्थमध्ये अर्ध्या इंचाला एका इंचात १२ आटे, अमेरिकन जाड आट्यांत १३, शिवाय आट्याचा कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. असा नट हाताला घट्ट लागतो आणि वजनाखाली सोलून निघतो. उलट्या आट्यांचे नट शेवटी ऑनलाइनच आले आणि चपखल बसले.

टायरचं उलटं. ९.००-१६ हा आकार आपल्याकडं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लागतो, त्यामुळं मिळाला लगेच. नक्षी युद्धकाळातली नाही. फोटो काढणाऱ्यांना खटकेल, गाडीला खटकत नाही. सहा व्होल्टचे दिव्यांचे बल्ब जुन्या राजदूतच्या मेकॅनिककडं मिळाले.

ब्रेकचं सांगायचं टाळत होतो, पण सांगितलं पाहिजे. ऑनलाइन आलेले रबरी कप नंबरानं अचूक, शिक्का जुना, पाकीट न फोडलेलं. मी ते अभिमानानं बसवले. वर्कशॉपच्या आवारात पहिली फेरी मारली, उताराला पेडल दाबलं आणि ते तळाला गेलं. समोर भिंत, भिंतीजवळ दोन जवान चहा पीत उभे. हँडब्रेक ओढला. या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागं शाफ्टवर असतो, म्हणून ब्रेक ऑइल गेलं तरी तो धरतो. भिंतीच्या हातभर अलीकडं थांबलो. दोघांच्या हातातला चहा सांडला, माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

चाक उघडलं तर कपाच्या ओठाला बारीक भेगा. रबर पाकिटात बंद असलं तरी म्हातारं होतंच. धातू साठ वर्षं ग्रीसमध्ये झोपून उठतो, रबर उठत नाही. अस्सल माल होता आणि त्यानं दोन पोरांचा जीव घेतला असता. बसवणारा मी. त्यानंतर सिलिंडरचा बोअर मोजून त्याच मापाचे नवे, देशी कप दुर्गापूरहून आणले. बनावटीची तारीख बघून आणि नखानं ओठ दाबून घेतले. जुन्या पाकिटाचं प्रेम मला तेव्हापासून राहिलेलं नाही. रबराच्या बाबतीत तरी नाही.

रेझिंग डेच्या सकाळी आबा आले. नातू सोबत. धोतर, कोट, कोटावर मेडल्स. बॉनेट उघडायला सांगितलं. रेडिएटरखालच्या पट्ट्यांवर आम्ही रंग मारला नव्हता, मुद्दामच. त्यांनी वेल्डच्या रेघेवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "उस्तादांचा हात डावा होता, म्हणून टाका असा पडलाय." मग नातवाला म्हणाले, "जरा धर मला," आणि ड्रायव्हरच्या सीटवर चढले. चालवू दिलं नाही, डॉक्टरांची परवानगी नव्हती. स्टार्टर मात्र त्यांनीच पायानं दाबला.

ते तेवीस इंची गॅस्केट बरीच वर्षं माझ्या पेटीत पडून होतं. मध्यंतरी जोरहाटहून एका निवृत्त हवालदारांचा फोन आला, त्यांच्याकडं तशीच डॉज आहे, पाटीवर १९४४, गॅस्केट हवंय. मी म्हटलं, देतो, पैसे नकोत, पण आधी हेड उतरवा आणि ब्लॉकवर खाकी कागद ठेवून छाप पाठवा. गेल्या आठवड्यात पोस्टानं भेंडोळं आलं. अंगणात पसरून पट्टी लावली. तेवीस.