रांजणातला शत्रू

आफ्रिकेतून गुलाम भरून जहाजे अमेरिकेला जात. त्यांच्या पाण्याच्या पिंपांतून एक परका जीवही तिकडे पोचला. तो म्हणजे एडिस इजिप्ती हा डास. अंगावर पांढरे पट्टे, चावतो दिवसा. त्याच्याबरोबर पीतज्वर गेला आणि बंदरोबंदरी माणसे मेली.

क्यूबातील हवानाचे डॉक्टर कार्लोस फिन्ले यांनी १८८१ साली सांगितले, की हा ज्वर डास पसरवतो. कुणी फारसे मनावर घेतले नाही. १९०० साली वॉल्टर रीड यांच्या मंडळाने ते सिद्ध केले. मग १९०१ मध्ये गॉर्गस यांनी घरोघर माणसे धाडली. पिंपे झाकली, साचल्या पाण्यावर तेल ओतले, अळ्या सापडल्या तर घरमालकाला दंड! वर्ष सरण्यापूर्वीच हवानातला पीतज्वर हटला.

ब्राझीलने हीच रीत नेटाने चालवली. १९५८ मध्ये तो देश या डासापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. पण शेजारी देशांत डास उरलाच होता. इकडे पहारा ढिला पडला, आणि १९६७ मध्ये तो परतला. १९८६ साली रिओ शहरात डेंग्यूची मोठी साथ आली.

आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा डास तो हाच. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला कित्येक महिने टिकतात, पाणी लागताच फुटतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा रांजण घासायलाच हवा. गुरुजी, मुलांना सांगताना हवाना जरूर सांगा. पण ब्राझील विसरू नका.