'संवाद' या शब्दाची कूळकथा

सीमाभागात 'संवाद' हा शब्द आम्ही इतक्या वेळा ऐकतो की त्याचा अर्थ विचारावा असे कोणास वाटत नाही. दोघे बोलले, झाला संवाद! जुन्या वाङ्मयाची अपेक्षा याहून मोठी होती.

'सम्' या उपसर्गाला 'वद्' धातू जोडून हा शब्द बनला. संस्कृतात त्याचा एक अर्थ संभाषण, दुसरा जुळणी, एकमत. संगीताने हा दुसरा अर्थ जपला: वादी स्वराशी जुळतो तो संवादी, खटकतो तो विवादी. मराठीतही मेळ बसला नाही की आपण 'विसंवाद' म्हणतो. ऋग्वेदातील यम-यमी, सरमा-पणी यांच्या संवादसूक्तांत मात्र शेवटी नकारच आहे, हे येथे नोंदवले पाहिजे. गीतेच्या प्रत्येक अध्यायाच्या पुष्पिकेत 'श्रीकृष्णार्जुनसंवाद' असे म्हटले आहे, आणि तेथे आधी शस्त्र टाकणारा अर्जुन अखेर रुकार देतो. ज्ञानदेवांनी 1290 मध्ये तो संवाद मराठीत आणला, तेव्हा त्यात गुरू निवृत्तिनाथ आणि समोरचे श्रोतेही सामील झाले.

आमच्या मते या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात ते पैठणच्या एकनाथांच्या (1533–1599) 'हिंदू-तुर्क संवादा'त. तुर्क दखनी हिंदीत बोलतो, ब्राह्मण मराठीत. दोघे एकमेकांच्या देवाधर्मावर यथेच्छ तोंडसुख घेतात. कोणीही आपली भाषा सोडीत नाही, तरी एकाचे दुसऱ्याला पुरते कळते. कळते म्हणूनच तर झोंबते! शेवटी मात्र दोघांचे मन जुळते. भांडण आधी आणि जुळणी मागाहून, तरी नाथांनी साऱ्याला नाव दिले ते संवादाचेच. दोन भाषांच्या गावात राहणाऱ्या आम्हांला ही रचना पुस्तकी वाटत नाही.

पुढे हा शब्द रंगभूमीवर गेला. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीस 'सीतास्वयंवर' केले. त्यामागची प्रेरणा कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची होती, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या अभिमान्यांनी लक्षात ठेवावी. त्या नाटकांत सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे आपली गद्य भाषणे ऐन वेळी रचून बोलत. 1861 मध्ये कीर्तन्यांचे 'थोरले माधवराव पेशवे' आले, 1880 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल'. आता भाषणे आधी लिहिली जाऊ लागली आणि नट ती घोकू लागले. 'संवाद पाठ करणे' हा आजचा प्रयोग याच वळणावरचा. आमच्या निवेदनांना मिळणारी उत्तरे बहुधा याच अर्थाने संवाद असतात.