पग घरी आणताय? ज्या चेहऱ्यावर जीव जडतो, तोच त्याची अडचण का ठरतो?

२००३च्या सुमारास 'हच' या मोबाइल कंपनीची एक जाहिरात टीव्हीवर झळकली. एक लहान मुलगा आणि तो जाईल तिथे त्याच्या मागे जाणारा एक पग. त्या जाहिरातीने ही जात भारतात घराघरांत पोहोचवली आणि पगच्या पिल्लांची मागणी वाढली. मात्र त्याच्या चपट्या नाकामुळे होणारा त्रास अनेकांना पिल्लू घरी आणल्यानंतरच कळतो.

पग मूळचा कुठला?

पग मूळचा चीनचा. तिथल्या राजघराण्यांत तो लाडाने पाळला जाई. सोळाव्या शतकात व्यापारी जहाजांमधून तो युरोपात, नेदरलँड्सला पोहोचला. पुढे इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियानेही पग पाळले. शिकार किंवा राखण हे त्याचे काम कधीच नव्हते. माणसाला सोबत करणे, यासाठीच ही जात जोपासली गेली.

स्वभाव कसा असतो?

पगचे वजन साधारण ६ ते ८ किलो, तर खांद्यापर्यंतची उंची २५ ते ३३ सेंटिमीटर असते. रंग बहुतेकदा फिकट बदामी किंवा काळा. तो फारसा भुंकत नाही, मुलांमध्ये पटकन मिसळतो आणि फ्लॅटमध्येही आनंदाने राहतो. मात्र त्याला एकटेपणा सोसत नाही. दिवसभर घर बंद राहणार असेल, तर पग पाळण्याचा विचार पुन्हा करावा. केस आखूड असले तरी ते भरपूर गळतात.

नाकाचा आणि उन्हाचा संबंध काय?

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. तोंडातला आणि नाकातला ओलावा वाफ होऊन उडतो आणि शरीर थंड होते. पगची कवटी आखूड झाली, पण टाळूमागचा मऊ भाग त्या प्रमाणात लहान झाला नाही. तो श्वासाच्या वाटेत येतो. त्यात नाकपुड्याही अरुंद. त्यामुळे हवा पुरेशी आत-बाहेर होत नाही. म्हणूनच पगचे घोरणे, घरघर याकडे 'गोड सवय' म्हणून पाहू नये. तो श्वासाच्या अडथळ्याचा आवाज असू शकतो.

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पगना वर्षभरात एखादा तरी आजार होण्याची शक्यता इतर कुत्र्यांच्या तुलनेत जवळपास दुप्पट आढळली.

महाराष्ट्रात हा धोका दोन प्रकारे वाढतो. विदर्भात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो. मुंबई-कोकणात तापमान त्याहून कमी असले, तरी हवेत दमटपणा जास्त. दमट हवेत ओलावा लवकर उडत नाही आणि धापा टाकूनही अंग थंड होत नाही.

रोजची निगा कशी राखावी?

- फिरणे: उन्हाळ्यात पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. रस्त्यावर हाताची मागची बाजू ठेवून पाहावी; आपल्याला चटका बसला, तर त्याच्या पायांनाही बसेल. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरून बांधायचा हार्नेस वापरावा.
- वजन: पग खादाड असतो आणि लठ्ठपणामुळे श्वास आणखी अडतो. हात फिरवल्यावर बरगड्या जाणवायला हव्यात. पोळी, बिस्किटे, मिठाई यांचा लाड नको. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा आणि लसूण कुत्र्यांसाठी विषारी आहेत.
- सुरकुत्या: चेहऱ्यावरच्या घड्या मऊ कापडाने पुसून पूर्ण कोरड्या कराव्यात. ओल राहिली की जंतुसंसर्ग होतो. पावसाळ्यात याकडे जास्त लक्ष द्यावे.
- डोळे: बाहेर आलेल्या डोळ्यांना सहज इजा होते. डोळा लाल दिसला, मिटलेला राहिला किंवा सारखे पाणी येत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे.
- लसी: रेबीजसह सर्व लसी आणि जंताचे औषध वेळेवर द्यावे.

उष्माघात झाला तर?

जोरजोरात धाप, घट्ट लाळ, निळसर जीभ, तोल जाणे ही धोक्याची लक्षणे आहेत. कुत्र्याला लगेच सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी ओतावे, पंखा लावावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये. उष्णता आत कोंडते. शुद्धीत असेल तर थोडे पाणी प्यायला द्यावे. अंग थंड करतानाच पशुवैद्याला फोन करावा आणि तातडीने दवाखाना गाठावा.

पिल्लू घेताना काय पाहावे?

२०१७च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागावा. पिल्लाच्या आईला प्रत्यक्ष पाहावे. थोडे चालल्यावर तिला घरघर लागते का, नाकपुड्या मोकळ्या आहेत का, हे तपासावे. आईला श्वासाचा त्रास असेल, तर तो पिल्लातही येण्याची शक्यता असते.

अतिशय चपट्या नाकाचे पिल्लू गोंडस दिसते, म्हणून त्याला मागणी असते आणि म्हणून तशीच पिल्ले जन्माला घातली जातात. ग्राहकाने थोडे लांब नाक असलेले पिल्लू निवडले किंवा कुणी सोडून दिलेला मोठा पग दत्तक घेतला, तर ही साखळी तुटायला मदत होते.