शाळेनंतरचा दिवस

कोणत्याही शाळेचा इतिहास पायाभरणीपासून सांगण्याची रीत आहे. इमारत केव्हा उभी राहिली, पहिले मुख्याध्यापक कोण, विद्यार्थी किती, हे सारे त्यात येते. परंतु शेवटची परीक्षा देऊन बाहेर पडलेल्या मुलाचे दुसऱ्या दिवसापासून काय झाले, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो. डोळस मुलाच्या बाबतीत तो न विचारला तरी एकवेळ चालते. जगाचा दरवाजा त्याच्यासाठी निदान किलकिला असतो. अंध मुलाच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न सर्वांत मोठा होय. भारतातील अंधशिक्षणाचा इतिहास या बाजूने पाहिला, तर त्याचा अर्थ निराळाच दिसू लागतो.

देशातील अंधांची पहिली शाळा ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी १८८७ साली अमृतसर येथे काढली. पुढे १९०३ मध्ये ती डेहराडूनजवळ राजपूर येथे गेली. १८९७ मध्ये लालबिहारी शाह यांनी कलकत्त्यास, आणि १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी मुंबईस अशाच शाळा सुरू केल्या. रस्त्यावर भीक मागणे हेच ज्यांचे भविष्य समजले जाई, त्यांच्या बोटांखाली या शाळांनी अक्षरे आणून ठेवली. हे उपकार लहान नव्हेत. वाचनाबरोबर वेतकाम, विणकाम, संगीत अशा गोष्टीही शिकविल्या जात. परंतु शाळेने हात तयार केले, तरी त्या हातांना काम मिळवून देण्याची जबाबदारी कोणाकडेच नव्हती. शिकलेला तरुण अनेकदा जिथून आला त्या घराच्या कोपऱ्यातच परत जाऊन बसे.

ही उणीव प्रथम भरून निघू लागली ती युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या भारतीय सैनिकांसाठी १९४३ मध्ये डेहराडून येथे सेंट डन्स्टन्सचे वसतिगृह उघडण्यात आले. मूळ संस्था लंडनची. आर्थर पिअर्सन या स्वतः दृष्टी गमावलेल्या वृत्तपत्रमालकाने ती १९१५ मध्ये स्थापन केली होती. डेहराडूनचे प्रमुख सर क्लूथा मॅकेन्झी हे न्यूझीलंडचे. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या रणांगणावर त्यांचे डोळे गेले होते. सैनिक हा प्रौढ, कर्ता पुरुष. त्याला शिकवायचे ते पुन्हा कमावता करण्यासाठी, हे येथे गृहीतच होते. शिवाय प्रशिक्षण संपले म्हणजे संबंध संपला, असे ही संस्था मानीत नसे. घरी परतलेल्या माणसाचा मागोवा घेणे हाही तिच्या कामाचाच भाग होता. शाळेतील मुलांसाठी जे अर्ध्या शतकात उभे राहिले नाही, ते सैनिकांच्या ऋणापोटी थोडक्या काळात उभे राहिले. दया आणि कर्तव्य यांतील अंतर याहून स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने हे वसतिगृह आपल्याकडे घेतले आणि १९५० मध्ये त्याचे प्रौढ अंधांचे प्रशिक्षण केंद्र झाले. तोवर देशात निरनिराळ्या ब्रेल पद्धती चालत. एका प्रांतातले पुस्तक दुसऱ्या प्रांतात निरुपयोगी ठरे. १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल मान्य झाली आणि त्याच वर्षी डेहराडूनला ब्रेल मुद्रणालय निघाले. या घडणीत लाल आडवाणी यांचा मोठा वाटा होता. स्वतः दृष्टिहीन असलेले आडवाणी १९४७ मध्ये शिक्षण मंत्रालयात रुजू झाले होते. शाळेतून कामाकडे जाणारा रस्ता शासनात बसून आखणारा हा माणूस त्या रस्त्याने स्वतः चाललेला होता.

पुढची पावले मुख्यतः मुंबईच्या बाजूने पडली. १९५२ मध्ये तेथे राष्ट्रीय अंध संघ स्थापन झाला. १९५९ मध्ये अपंगांसाठी देशातील पहिले खास रोजगार विनिमय केंद्र मुंबईतच उघडले. १९६० मध्ये अंध संघाने गुजरातेत फणसा येथे शेती व ग्रामीण उद्योगांचे प्रशिक्षण केंद्र काढले. बहुसंख्य अंध खेड्यांत राहतात. त्यांना शहरी कारखान्याचे स्वप्न दाखवून भागत नाही, ही जाण त्यामागे होती. १९६८ मध्ये मुंबई व हैदराबाद येथे व्यवसाय-पुनर्वसन केंद्रे निघाली. माणसाला काय येत नाही हे मोजण्याऐवजी काय येऊ शकेल हे तपासण्याचा तो प्रयत्न होता.

त्यानंतर कायद्याचे युग आले. १९७७ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क’ आणि ‘ड’ गटांतील नोकऱ्यांत अपंगांना ३ टक्के जागा राखण्यात आल्या. म्हणजे पदवीधर अंधालाही शिडीची खालचीच पायरी. १९९५ च्या कायद्याने वरचे गट खुले केले. तरीही ‘योग्य पदे अजून ठरलेली नाहीत’ या सबबीवर माणसे ताटकळत राहिली. पदे ठरेपर्यंत आरक्षण थांबू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१० मध्ये सांगावे लागले. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले, सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखल्या, आणि सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला.

खरी कसोटी त्या अठराव्या वर्षाशीच लागते. शाळा एका खात्याची, रोजगार दुसऱ्याचा, कल्याण तिसऱ्याचे. आणि मुलगा मात्र एकच. एका खात्याने त्याचा हात सोडावा आणि दुसऱ्याने तो धरावा, या दोहोंमधले अंतर त्याला बहुधा आईबापांच्या आधारानेच ओलांडावे लागते. डेहराडूनच्या त्या वसतिगृहाने नेमके हेच ओळखले होते. घरी गेलेल्या सैनिकाचे कसे चालले आहे, हे विचारणारे तेथे कोणीतरी होते. मुलाला अक्षर मिळाले, हक्कही मिळाला. आता शाळा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तसे विचारणारे कोणी भेटले, तरच त्या १८८७ च्या शाळेने आरंभलेले काम पुरे झाले असे म्हणता येईल.