कोलंबस (इंडियाना) येथील नवागतांचे वास्तव्य

कोलंबस हे अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील एक लहान शहर असून ते बार्थोलोम्यू काउंटीचे मुख्यालय आहे. २०२० च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ५०,४७४ होती. ओहायो राज्याची राजधानी असलेले कोलंबस हे याहून वेगळे व बरेच मोठे शहर आहे. डिझेल इंजिने बनविणाऱ्या कमिन्स या कंपनीचे मुख्यालय येथे असल्यामुळे भारतातून, विशेषतः पुण्याहून, अनेक अभियंते सहकुटुंब येथे वास्तव्यास येतात. मोठ्या शहरांत नवागताला सहज मिळणारी सार्वजनिक वाहतूक व दाट वस्ती येथे नाही. त्यामुळे पत्ता, ओळखक्रमांक, वाहनपरवाना, बँक खाते आणि विमा या गोष्टी योग्य क्रमाने व मुदतीत पूर्ण होण्याला येथे विशेष महत्त्व आहे. यांतील प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीवर अवलंबून असते आणि यांचा सर्वाधिक परिणाम नोकरी नसलेल्या जोडीदारावर होतो.

स्थान व पार्श्वभूमी

कोलंबस हे राज्याची राजधानी इंडियानापोलिसच्या दक्षिणेस सुमारे ७० कि.मी. आणि केंटकी राज्यातील लुईव्हिलच्या उत्तरेस सुमारे १२० कि.मी. अंतरावर आहे. ही तिन्ही शहरे आंतरराज्य महामार्ग क्र. ६५ ने जोडलेली आहेत. ड्रिफ्टवूड व फ्लॅटरॉक या नद्यांचा येथे संगम होऊन व्हाइट नदीचा पूर्व फाटा सुरू होतो. शहराची स्थापना १८२१ मध्ये झाली. शहरातील विमानतळावरून नियमित प्रवासी विमानसेवा नसल्याने भारतातून येणारे प्रवासी बहुधा इंडियानापोलिस येथे उतरतात.

क्लेसी कमिन्स आणि बँकव्यावसायिक विल्यम जी. अर्विन यांनी १९१९ मध्ये कमिन्स कंपनीची स्थापना केली. पुढे कंपनीचे नेतृत्व करणाऱ्या जे. अर्विन मिलर (१९०९–२००४) यांच्या पुढाकाराने, सार्वजनिक इमारतींसाठी नामवंत वास्तुविशारद नेमल्यास त्यांचे शुल्क कमिन्स प्रतिष्ठानाने भरावे, अशी योजना १९५० च्या दशकात सुरू झाली. एलिएल सारिनेन, त्यांचे पुत्र एरो सारिनेन, आय. एम. पेई, हॅरी वीझ आदी वास्तुविशारदांनी रचलेल्या इमारती या लहान शहरात आढळतात. नवागतांच्या नित्य वापरातील काही शाळा, ग्रंथालय व अग्निशमन केंद्रे यांचाही त्यांत समावेश होतो.

महाराष्ट्राशी संबंध

१९६२ मध्ये किर्लोस्कर समूह व कमिन्स यांच्या भागीदारीतून पुण्यात किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी स्थापन झाली. तीच पुढे कमिन्स इंडिया या नावाने ओळखली जाऊ लागली. पुण्यातील कर्वेनगर येथे महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९९१) असून ते केवळ मुलींसाठी आहे. सातारा जिल्ह्यातील फलटण येथेही कंपनीचे मोठे उत्पादन संकुल आहे. या संबंधांमुळे कोलंबसमध्ये मराठी भाषक कुटुंबांचे येणे-जाणे अनेक वर्षांपासून चालू आहे.

आगमनानंतरची कागदपत्रे

अमेरिकेत प्रवेश केल्यावर प्रत्येक व्यक्तीच्या नावे आय-९४ ही प्रवेशनोंद तयार होते व ती संकेतस्थळावर पाहता येते. नावाचे लेखन, व्हिसाचा प्रवर्ग आणि वास्तव्याची अंतिम तारीख या तीन गोष्टी तेथे तपासणे आवश्यक असते. कायदेशीर वास्तव्याची मुदत पारपत्रातील व्हिसाच्या तारखेवर नव्हे, तर या नोंदीवर ठरते. कुटुंबातील प्रत्येकाची नोंद स्वतंत्र असते आणि तिची मुदतही वेगवेगळी असू शकते.

नोकरी करणाऱ्या व्यक्तीला सामाजिक सुरक्षा क्रमांक (सोशल सिक्युरिटी नंबर) घ्यावा लागतो. त्यासाठी शुल्क आकारले जात नाही. हा क्रमांक प्रत्यक्ष हाती येण्यापूर्वीही नोकरीवर रुजू होता येते. वेतन, कर, बँकेची पत आणि वाहनपरवाना या सर्व ठिकाणी तो मागितला जातो. तो गोपनीय ठेवावयाचा असून त्याचे पत्र नेहमी जवळ बाळगू नये, असा सल्ला शासनही देते.

घर बदलल्यास परदेशी नागरिकाने नवा पत्ता १० दिवसांच्या आत एआर-११ या अर्जाद्वारे इमिग्रेशन विभागाला कळवावा लागतो. टपाल खात्याला पत्ता कळविल्याने ही जबाबदारी पूर्ण होत नाही.

निवास

भाडेकरार सामान्यतः १२ महिन्यांचा असतो. अमेरिकेत पतनोंद नसलेल्या भाडेकरूकडून घरमालक कंपनीचे नेमणूकपत्र किंवा अधिक अनामत रक्कम मागू शकतो. मुदतीपूर्वी घर सोडल्यास काय देय राहील, हे करारात नमूद असते. कंपनीच्या आदेशाने दुसऱ्या गावी बदली होण्याची शक्यता असलेल्यांच्या दृष्टीने हे कलम महत्त्वाचे ठरते.

इंडियानाच्या कायद्यानुसार घर सोडल्यानंतर ४५ दिवसांच्या आत घरमालकाने अनामत परत करावी लागते, अथवा केलेल्या कपातीची तपशीलवार यादी द्यावी लागते. मात्र भाडेकरूने आपला पुढचा पत्ता लेखी कळविल्याशिवाय घरमालकावर हे बंधन येत नाही. भारतात परतणारी कुटुंबे अनेकदा ही लेखी सूचना देण्याचे विसरतात. राहावयास येताना भिंती, गालिचे व उपकरणे यांची छायाचित्रे काढून ठेवल्यास पुढील वाद टळतात.

पती-पत्नी दोघांचीही नावे भाडेकरारावर आणि वीज-पाण्याच्या देयकांवर असणे हितावह असते. परवाना, ग्रंथालय, शाळाप्रवेश अशा अनेक ठिकाणी रहिवासाचा पुरावा लागतो. सर्व कागदपत्रे एकाच्याच नावावर असल्यास दुसऱ्याला पत्ता सिद्ध करणे अवघड जाते.

वाहन व वाहनपरवाना

शहरात ‘कोलंबस ट्रान्झिट’ची बससेवा आहे, परंतु तिचे मार्ग व वेळा मर्यादित असल्याने बहुतेक कुटुंबांना मोटारीवाचून दैनंदिन व्यवहार करणे कठीण जाते. इंडियानाचा रहिवासी झाल्यापासून ६० दिवसांच्या आत राज्याचा परवाना घेणे अपेक्षित असते. परवान्याचे काम राज्याच्या मोटार वाहन विभागाकडे, म्हणजे बीएमव्हीकडे असते. भारतीय परवाना असला तरी दृष्टिचाचणी, लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष वाहनचाचणी द्यावी लागते. लेखी परीक्षेत ५० प्रश्न असतात. वाहतूक नियमांवरील ३४ पैकी किमान २८ आणि रस्त्यावरील चिन्हांवरील १६ पैकी किमान १४ उत्तरे बरोबर यावी लागतात. तात्पुरत्या वास्तव्यावर असलेल्यांचा परवाना त्यांच्या वास्तव्याच्या मुदतीशी जोडलेला असतो. मुदतवाढ लांबल्यास परवान्याचाही प्रश्न उभा राहतो.

अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. भारतीय चालकांना अपरिचित असणारे काही नियम पुढीलप्रमाणे आहेत :

• ‘स्टॉप’ फलकापाशी रस्ता मोकळा असला तरी वाहन पूर्णपणे थांबवावे लागते.
• फलकाने मनाई केलेली नसल्यास लाल दिव्यावर पूर्ण थांबून, रस्ता मोकळा असल्यास, उजवीकडे वळता येते.
• शाळेच्या बसने लाल दिवे लावून थांबण्याचा फलक बाहेर काढला असता, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दोन्ही दिशांच्या वाहनांनी थांबणे बंधनकारक आहे.
• आठ वर्षांखालील मुलांसाठी विशेष बालआसन आवश्यक असते.
• वाहन चालवताना भ्रमणध्वनी हातात धरण्यास १ जुलै २०२० पासून मनाई आहे.
• पोलिसांनी थांबविल्यास वाहन उजवीकडे कडेला घेऊन, खाली न उतरता, हात दिसतील असे ठेवून बसण्याची पद्धत आहे.

विमा बंधनकारक आहे. एका व्यक्तीच्या इजेसाठी २५,००० डॉलर, एका अपघातातील सर्व व्यक्तींच्या इजांसाठी ५०,००० डॉलर आणि मालमत्तेच्या हानीसाठी २५,००० डॉलर ही त्याची किमान मर्यादा आहे. गंभीर अपघातात रुग्णालयाचा खर्च या मर्यादेबाहेर सहज जाऊ शकतो. त्यामुळे अनेक जण अधिक रकमेचा विमा घेतात.

बँक व पत

नवागताची भारतातील आर्थिक नोंद येथे सहसा ग्राह्य धरली जात नाही. एक्विफॅक्स, एक्सपेरियन व ट्रान्सयुनियन या तीन संस्था प्रत्येकाची पतनोंद ठेवतात. त्यावरून काढलेला पतगुणांक बहुधा ३०० ते ८५० या दरम्यान असतो. सुरुवातीस ठेवीच्या आधारावर मिळणारे क्रेडिट कार्ड घेऊन त्याची पूर्ण रक्कम दरमहा वेळेवर भरणे, हा पत निर्माण करण्याचा प्रचलित मार्ग आहे. पतगुणांक नसल्यास वाहनकर्जाचा व्याजदर वाढतो आणि विम्याचा हप्ताही अधिक पडू शकतो.

आरोग्यसेवा

आरोग्यविमा बहुधा नोकरीमार्फत मिळतो. विमा असला तरी वर्षातील ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च रुग्णाला स्वतः करावा लागतो. या रकमेस ‘डिडक्टिबल’ म्हणतात. नोकरीवर रुजू झाल्यावर विम्याची निवड ठरावीक मुदतीत करावी लागते. विवाह किंवा अपत्यजन्म झाल्यास नव्या सदस्याचे नाव सामान्यतः ३० दिवसांच्या आत नोंदवावे लागते. ही मुदत चुकल्यास पुढील वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावे लागू शकते.

किरकोळ आजारासाठी नेहमीचा डॉक्टर किंवा ‘अर्जंट केअर’ केंद्र, तर जिवावरच्या प्रसंगी रुग्णालयाचा तातडीचा विभाग, अशी विभागणी रूढ आहे. तातडीच्या विभागातील खर्च अनेक पटींनी अधिक असतो. १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार मेडिकेअर योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाने पैसे अथवा विमा न पाहता रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करणे बंधनकारक आहे. पैशांच्या भीतीने अशा वेळी विलंब करू नये.

भेटीस येणाऱ्या आई-वडिलांना नोकरीच्या विम्यात सहसा समाविष्ट करता येत नाही. त्यांच्यासाठी प्रवासी विमा घ्यावा लागतो. मधुमेह, हृदयविकार यांसारख्या आधीपासूनच्या आजारांवरील अटी त्यात काळजीपूर्वक पाहाव्या लागतात.

शिक्षण

सार्वजनिक शाळांत बारावीपर्यंतचे शिक्षण विनाशिकवणीशुल्क असते. मात्र घराच्या पत्त्यावरून शाळा ठरते. प्रवेशासाठी जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा आणि लसीकरणाची नोंद लागते. भारतातील लसीकरण पुस्तिकेतील तारखा सुवाच्य व इंग्रजीत असल्यास पुन्हा लस घेण्याचा प्रसंग टळतो. शहरात कोलंबस नॉर्थ व कोलंबस ईस्ट ही दोन प्रमुख सार्वजनिक माध्यमिक विद्यालये आहेत. उच्च शिक्षणासाठी इंडियाना विद्यापीठाचे केंद्र आणि आयव्ही टेक कम्युनिटी कॉलेज उपलब्ध आहे.

अवलंबित जोडीदार

एच-१बी व्हिसाधारकाच्या जोडीदाराला एच-४ प्रवर्ग मिळतो. या प्रवर्गात शिक्षण घेता येते, बँक खाते उघडता येते व वाहन चालविता येते. परंतु नोकरी करता येत नाही. मुख्य व्हिसाधारकाचा ग्रीनकार्डसाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झाला असल्यास किंवा त्याला सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ मिळाली असल्यास, २०१५ च्या नियमानुसार जोडीदाराला कामाच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो. एल-१ व्हिसाधारकाच्या जोडीदाराची स्थिती वेगळी आहे. नोव्हेंबर २०२१ पासून अशा जोडीदारास प्रवर्गातच कामाचा अधिकार मान्य असून आय-९४ वर ‘एल-२एस’ अशी नोंद असते. भारतातील संस्थेचे काम घरी बसून करण्यासही कामाच्या परवानगीचा प्रश्न येऊ शकतो. त्यामुळे तत्पूर्वी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घेतला जातो.

कामाची परवानगी नसलेल्या जोडीदारास सामाजिक सुरक्षा क्रमांक मिळत नाही. संयुक्त करविवरणपत्र भरताना डब्ल्यू-७ अर्जाद्वारे त्याच्यासाठी वेगळा करदाता क्रमांक घेता येतो. मोटार, खाते व ओळखपत्र यांवाचून लहान शहरात अशी व्यक्ती, बहुतेक वेळा पत्नी, दिवसभर घरात अडकून पडते आणि प्रत्येक व्यवहारासाठी जोडीदारावर अवलंबून राहते. म्हणून संयुक्त बँक खाते, भाडेकरारावर नाव, वाहनपरवाना आणि स्वतःची कागदपत्रे स्वतःजवळ असणे, यांना सोयीपेक्षा अधिक महत्त्व आहे. आजारपण, अपघात किंवा कौटुंबिक हिंसा अशा प्रसंगी त्यांवरच व्यक्तीचे स्वातंत्र्य अवलंबून असते. हिंसेच्या प्रसंगी व्हिसाचा प्रवर्ग कोणताही असला तरी ९११ या क्रमांकावर पोलिसांची मदत मागता येते.

नोकरी संपुष्टात आल्यास

एच-१बी किंवा एल-१ वरील व्यक्तीची नोकरी गेल्यास वास्तव्यासाठी कमाल ६० दिवसांची सवलत मिळू शकते. आय-९४ वरील मुदत त्यापूर्वी संपत असल्यास ती तारीख लागू होते. कुटुंबीयांनाही हीच मर्यादा असते. या काळात एच-१बी धारकासाठी नवी कंपनी अर्ज करू शकते. एल-१ धारकाला मात्र दुसऱ्या कंपनीत जाण्यासाठी नवा प्रवर्ग मिळवावा लागतो. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीचा आरोग्यविमा ‘कोब्रा’ कायद्याखाली काही काळ चालू ठेवता येतो. परंतु त्याचा संपूर्ण हप्ता बहुधा स्वतः भरावा लागतो. शहराची अर्थव्यवस्था मोजक्या उद्योगांवर आधारलेली असल्याने काही महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक बाळगणे येथे अधिक निकडीचे ठरते.

हवामान व आपत्ती

हिवाळ्यात तापमान वारंवार शून्याखाली जाते आणि रस्त्यावर न दिसणारा बर्फाचा पातळ थर साचून वाहने घसरतात. वसंत ऋतूत टोर्नेडोचा धोका असतो. त्याविषयीच्या सूचनांपैकी ‘वॉच’ म्हणजे परिस्थिती अनुकूल असणे, तर ‘वॉर्निंग’ म्हणजे टोर्नेडो दिसलेला किंवा रडारवर आढळलेला असणे. ‘वॉर्निंग’ मिळताच तळघरात, किंवा ते नसल्यास सर्वांत खालच्या मजल्यावरील खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत जावे लागते. जून २००८ मधील महापुरात हॉ क्रीकचे पाणी शिरल्याने शहरातील रुग्णालय रिकामे करावे लागले होते. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान समाविष्ट नसते. राष्ट्रीय पूरविमा घेतल्यास तो सामान्यतः ३० दिवसांनंतर लागू होतो.

सार्वजनिक जीवन

आय. एम. पेई यांनी रचलेले सार्वजनिक ग्रंथालय (१९६९) हे नवागतांचे पहिले भेटीचे ठिकाण ठरते. त्याच्या प्रांगणात हेन्री मूर यांचे ‘लार्ज आर्च’ हे शिल्प आहे. मिल रेस पार्क, पादचारी व सायकलस्वारांसाठीचे ‘पीपल ट्रेल’ मार्ग आणि ‘द कॉमन्स’ हे मध्यवर्ती सभागृह या सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या आहेत. मोठी हिंदू मंदिरे व भारतीय किराणा मालाची अधिक दुकाने इंडियानापोलिस परिसरात आहेत. कोलंबसची वेळ भारतीय वेळेपेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास आणि मार्च ते नोव्हेंबर या काळात साडेनऊ तास मागे असते. त्यामुळे भारतातील नातेवाइकांशी बोलण्यासाठी येथील सकाळची वेळ सोयीची ठरते.